ताठरतेची गोळी आणि हृदयातला न कळलेला दोष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, वार्डेनाफिल आणि अवानाफिल या लिंगाला ताठरता आणणाऱ्या चार गोळ्यांबद्दल लोक जे विचारतात, आणि बरेचदा विचारायला लाजतात, ते इथे एकत्र केलं आहे. रोख मुख्यतः अशा माणसांवर आहे, ज्यांच्या हृदयाच्या धमन्यांत काहीतरी बिघाड आहे पण त्यांना त्याचा पत्ता नाही. औषध घ्यायचं की नाही हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. आणि छातीत दुखत असताना हे वाचत असाल, तर वाचन राहू द्या, आधी रुग्णवाहिका बोलवा.

या गोळ्यांनी हार्ट अटॅक येतो, हे खरं का?

सरसकट खरं नाही. सिल्डेनाफिलला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २७ मार्च १९९८ रोजी मान्यता दिली आणि थोड्याच महिन्यांत गोळी घेतलेल्या पुरुषांच्या मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत एफडीएकडे अशा १३० मृत्यूंची खात्रीशीर नोंद होती. आकडा अंगावर येतो. पण तोवर साठ लाखांहून अधिक प्रिस्क्रिप्शन लिहिली गेली होती, आणि गोळी घेणारे बहुतेक जण मध्यमवयीन किंवा त्याहून मोठे होते. बीपी, शुगर, सिगारेट यांपैकी काही ना काही मागे लागलेलं. या वयोगटात गोळीला हात न लावताही हृदयविकाराने माणसं जातात. मात्र त्या १३० पैकी १६ जणांनी नायट्रेट, म्हणजे छातीतल्या दुखण्यावरचं रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, घेतलं होतं किंवा त्यांना ते देण्यात आलं होतं. या सोळांकडे नीट बघायला हवं. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

नंतर बनावट गोळी म्हणजे प्लासिबो देऊन तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या. त्यांत गोळी घेणाऱ्यांना अटॅक जास्त आल्याचं दिसलं नाही. २००० साली धमनीत मोठा ब्लॉकेज असलेल्या १४ पुरुषांना सिल्डेनाफिल देऊन कोरोनरी धमनीतला, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीतला, रक्तप्रवाह थेट मोजला गेला. तो घटला नाही. २००२ मध्ये कोरोनरी आजार असलेल्या किंवा तसा दाट संशय असलेल्या १०५ पुरुषांची व्यायाम करतानाची इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) झाली. गोळीमुळे हृदयाचा रक्तपुरवठा बिघडल्याचं त्यातही आढळलं नाही. २०२१ मध्ये स्वीडनमधल्या नोंदींवरून तर असं दिसलं, की कोरोनरी आजार स्थिर असलेल्या पुरुषांत या गोळ्या घेणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण अल्प्रोस्टाडिल हे ताठरतेचं दुसरं औषध घेणाऱ्यांपेक्षा कमी होतं. तो निरीक्षणातून आलेला निष्कर्ष आहे. गोळी आयुष्य वाढवते असा अर्थ त्यातून काढायची घाई नको.

आता या अभ्यासांतली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. यातली माणसं डॉक्टरांच्या नजरेखाली होती, त्यांच्या आजाराची कुठेतरी नोंद होती. ज्याला आपल्या हृदयात काय चाललंय हेच ठाऊक नाही, तो अशा अभ्यासात नसतो. तो दुकानातून गोळी घेऊन थेट घरी जातो.

गोळी शरीरात नेमकं काय करते?

उत्तेजना आली की लिंगातल्या नसा (मज्जातंतू) नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्यातून पेशींत सीजीएमपी नावाचा रेणू तयार होतो, रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात आणि रक्त भरतं. पीडीई-५ हे विकर (एन्झाइम) हा सीजीएमपी मोडत असतं. गोळी त्या विकराला अडवते, म्हणून ताठरता टिकते. उत्तेजनाच नसेल तर गोळी एकटी काही करत नाही. (रक्तवाहिन्यांतल्या नायट्रिक ऑक्साइडच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ सालीच नोबेल मिळालं. गोळी बाजारात आली तेच वर्ष.)

पीडीई-५ फक्त लिंगात असतं तर हृदयाचा प्रश्नच आला नसता. ते शरीरभरच्या रक्तवाहिन्यांत असतं. म्हणून गोळीने बीपीही थोडं उतरतं: सिल्डेनाफिलच्या १०० मिलिग्रॅमने सरासरी वरचं ८ आणि खालचं ५ अंकांच्या आसपास. धडधाकट माणसाला एवढं कळतही नाही. तसं पाहिलं तर हे औषध मुळात छातीतल्या दुखण्यासाठीच, म्हणजे अंजायनासाठी, इंग्लंडमधल्या सँडविच इथल्या प्रयोगशाळेत तपासलं जात होतं. त्या कामात ते फिकं पडलं आणि 'दुष्परिणामा'ने नाव कमावलं.

'छुपा दोष' म्हणजे कोणता?

बहुतेक वेळा साधा, ओळखीचा कोरोनरी आजारच, फक्त अजून न बोललेला. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचलेला असतो, पण चालताना दम लागत नाही, छाती भरून येत नाही, म्हणून सगळं ठीक वाटतं. मधुमेह असेल तर नसांची जाणीवच बोथट झालेली असते आणि रक्तपुरवठा कमी पडूनही दुखत नाही. याला मूक इस्केमिया म्हणतात.

दुसरा गट जन्मजात दोषांचा. धमनी चुकीच्या जागेतून निघालेली असते, दोनऐवजी एकच असते किंवा हृदयाच्या स्नायूत बुडून पुढे गेलेली असते. अँजिओग्राफी होणाऱ्यांत साधारण शंभरात एकाला अशी काही ना काही विसंगती सापडते. बहुतेक निरुपद्रवी असतात, थोड्या जीवघेण्या.

असा दोष किती वर्षं गप्प बसू शकतो याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकी बास्केटबॉलपटू पीट मारविच. एनबीएमध्ये दहा हंगाम खेळलेला हा माणूस ५ जानेवारी १९८८ रोजी एक हलकाफुलका सामना खेळताना कोसळला. वय ४०. शवविच्छेदनात कळलं, की त्याला डावी कोरोनरी धमनी जन्मतःच नव्हती. त्याच्या मृत्यूचा कुठल्याही गोळीशी संबंध नाही. पण 'मी रोज जिममध्ये जातो, मला काय होणार' असं म्हणणाऱ्यांना हे नाव सांगावंसं वाटतं.

आणखी दोन आजार धमन्यांचे नाहीत, पण याच रांगेत बसतात: हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताची बाहेर जाण्याची वाट अडवणारी हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, आणि महाधमनीची झडप अरुंद होणं, म्हणजे एओर्टिक स्टेनोसिस. या दोन्हींत रक्तवाहिन्या अचानक सैल पडणं हृदयाला झेपत नाही. दोन्ही वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतात.

धमनी चुकीच्या जागेतून निघाली तर बिघडतं काय? रक्त तर पोहोचतंच ना?

बसलेलं असताना पोहोचतं. सगळ्यात घातक मानला जाणारा प्रकार बघा. डावी धमनी महाधमनीच्या उजव्या बाजूच्या खाचेतून निघते आणि आपल्या जागी जाण्यासाठी महाधमनी आणि फुफ्फुस धमनी या दोन जाड नळ्यांच्या मधून वाट काढते. तिचं तोंड गोल असायच्या ऐवजी फटीसारखं चपटं असतं. ती तिरक्या कोनात निघते आणि सुरुवातीचा काही भाग महाधमनीच्या भिंतीतूनच जातो. जोराचे श्रम झाले की दोन्ही मोठ्या नळ्या फुगतात, फट आणखी मिटते. नेमकं तेव्हाच हृदय जास्त रक्त मागत असतं.

अशा लोकांत जोराच्या श्रमात किंवा त्यानंतर लगेच छातीत दुखणं, भोवळ येणं, शुद्ध हरपणं ही लक्षणं दिसतात. काहींच्या बाबतीत पहिलं लक्षण म्हणजे अचानक मृत्यूच. हे मृत्यू प्रामुख्याने तरुणपणी, पस्तिशीच्या आत होतात. म्हणून पन्नाशीत दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये असा दोष सापडला, तर लगेच हातपाय गाळायचं कारण नाही. पण तो कोणता प्रकार आहे हे हृदयरोगतज्ज्ञाने बघायलाच हवं. काही प्रकारांत शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो.

यात गोळी कुठे येते?

गोळी त्या धमनीला हात लावत नाही. ती भोवतालची परिस्थिती बदलते. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत, आणि त्या वेळी ढकलणारा दाब म्हणजे बीपीचा खालचा आकडा. गोळीने तो उतरतो. भरपाई म्हणून नाडी वाढू शकते, म्हणजे विश्रांतीचा वेळ आखडतो. त्यातच संभोगाचे श्रम. निरोगी धमनी रुंद होऊन हे सहज निभावून नेते. जिचं तोंडच चपटं आहे तिच्याकडे ती सवड नसते. उन्हात पाणी न पिता राबलेलं असणं, मद्य, बीपीची दुसरी औषधं यांची भर पडली तर हिशेब आणखी बिघडतो.

म्हणूनच असा दोष माहीत असलेल्या माणसाने ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नये. 'स्थिर हृदयरुग्णांना चालते' हे वाक्य त्याच्यासाठी लिहिलेलं नाही.

मला 'मायोकार्डियल ब्रिज' असल्याचं रिपोर्टमध्ये आहे. मी घेऊ का?

धमनीचा थोडा भाग हृदयाच्या स्नायूखालून जातो आणि प्रत्येक ठोक्याला दाबला जातो, तो हा ब्रिज. बहुधा डाव्या पुढच्या धमनीच्या मधल्या भागात असतो. पुष्कळ लोकांत आयुष्यभर काही त्रास देत नाही. पण रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं आणि वाढलेली नाडी यांनी तो दाब वाढू शकतो, म्हणून ब्रिजमुळे त्रास होणाऱ्यांना नायट्रेटऐवजी सहसा नाडी मंद करणारं बीटा ब्लॉकर देतात. रिपोर्टमध्ये नुसता उल्लेख असेल आणि लक्षणं काहीच नसतील तर विचार वेगळा, श्रमात छाती दुखत असेल तर वेगळा. रिपोर्ट घेऊन जा आणि ताठरतेच्या गोळीचं नाव घेऊनच विचारा. 'एक गोळी घेऊ का?' असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच मिळतं.

धोका गोळीचा की संभोगाचा?

प्रश्न रास्त आहे. ओळखीच्या जोडीदाराबरोबरचा संभोग हृदयासाठी ३ ते ४ मेट (म्हणजे शांत बसलेलं असताना लागणाऱ्या शक्तीच्या तीन-चार पट) इतका श्रम असतो, परमोच्च क्षणी थोडा जास्त. दोन जिने भराभर चढण्याएवढा किंवा वीस मिनिटांत दीड किलोमीटरभर चालण्याएवढा. संभोगानंतरच्या दोन तासांत हार्ट अटॅकची शक्यता साधारण अडीच पट होते असं १९९६ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. पण मूळ शक्यताच इतकी नगण्य असते, की अडीच पट होऊनही ती निरोगी माणसात दहा लाखांत एक-दोनच राहते. शिवाय नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ जवळजवळ नाहीशी होते.

एक बाजू मात्र कोणी बोलत नाही. वर्षानुवर्षं शरीरसंबंध नसलेला, व्यायाम नसलेला माणूस गोळीच्या जोरावर एकदम त्या श्रमात उतरतो. गोळीने ताठरता मिळते, दम मिळत नाही.

ताठरता कमी होणं हाच हृदयाचा इशारा असू शकतो का?

हो, आणि माझ्या मते या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

लिंगाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटर. धमन्यांचं अस्तर बिघडायला लागलं की ते सगळीकडे बिघडतं, पण अरुंद नळी आधी तक्रार करते. ताठरतेची समस्या आणि हृदयाची पहिली लक्षणं यांत बहुधा दोन ते पाच वर्षांचं अंतर असतं. मधुमेही पुरुषांच्या २००४ मधल्या एका इटालियन अभ्यासात मूक कोरोनरी आजार असलेल्यांपैकी जवळपास ३४ टक्क्यांना ताठरतेची समस्या होती. आजार नसलेल्यांत हे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी. अमेरिकेतल्या मेसा या मोठ्या अभ्यासात ताठरतेची समस्या असलेल्या पुरुषांत अटॅक, पक्षाघात अशा घटना जवळपास दुप्पट आढळल्या, इतर जोखमी हिशेबात धरूनही.

याचा व्यवहारातला अर्थ असा: ही दोन-पाच वर्षं हाताशी असलेला वेळ आहे. गोळी घेऊन समस्या 'मिटली' की माणूस डॉक्टरकडे जातच नाही, आणि तो वेळ वाया जातो. गोळीने झालेलं हे नुकसान कुठल्याच दुष्परिणामांच्या यादीत सापडणार नाही.

सगळ्याच तक्रारी धमन्यांच्या नसतात. पहाटे आपोआप ताठरता येते पण जोडीदारासोबत येत नाही, अचानक सुरू झालं, नात्यात ताण आहे, अशा वेळी मनाचं कारण जास्त संभवतं. हळूहळू, सगळ्याच वेळी कमी होत गेलेली ताठरता, त्यातही चाळिशी-पन्नाशीत आणि सिगारेट-शुगर सोबत असेल तर, धमन्यांकडे बोट दाखवते.

ईसीजी नॉर्मल आहे. आता तरी बिनधास्त घेऊ?

आडवं पडून काढलेला ईसीजी त्या क्षणापुरतं सांगतो. ९० टक्के बंद धमनी असलेल्याचाही तो नॉर्मल येऊ शकतो. ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट त्यापेक्षा बरी, पण ती मुख्यतः रक्तप्रवाह अडवणारे मोठे ब्लॉकेज पकडते. आणि कित्येक अटॅक येतात ते लहान, प्रवाह न अडवणारा थर फुटून त्यावर गुठळी जमल्यामुळे. जन्मजात चुकीच्या जागेतून निघालेल्या धमनीत तर स्ट्रेस टेस्ट साफ नॉर्मल येऊ शकते. तिच्यासाठी सीटी कोरोनरी अँजिओग्राफी लागते. झडपा आणि जाड स्नायू टू-डी इकोत दिसतात.

मग प्रत्येकाने सीटी करावं का? नाही. रेडिएशन आहे, खर्च आहे, आणि निरुपद्रवी सापडलेल्या गोष्टींनी झोप उडते ते वेगळंच.

मग गोळी सुरू करण्याआधी तपासायचं तरी काय?

मशीनपेक्षा प्रश्न जास्त कामाचे. श्रमात छाती भरते का, जबडा किंवा हात दुखतो का? धावताना, जिना चढताना कधी शुद्ध हरपली आहे का? घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं आहे का? लहानपणी कावासाकी आजार झाला होता का? (त्यात कोरोनरी धमन्यांवर फुगवटे राहू शकतात.) यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञ, मग गोळी. बाकी बीपी, उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, वजन, सिगारेट यांचा हिशेब, आणि छातीला स्टेथोस्कोप लावणं. एओर्टिक स्टेनोसिसचा आवाज बहुधा तिथेच सापडतो.

प्रिन्स्टन सहमती म्हणून ओळखली जाणारी तज्ज्ञांची मार्गदर्शक सूत्रं पुरुषांना कमी, मध्यम आणि जास्त जोखीम अशा तीन गटांत बसवतात. कमी जोखमीचा माणूस उपचार सुरू करू शकतो. मध्यम जोखमीच्या माणसाची आधी स्ट्रेस टेस्ट वगैरे होते. जास्त जोखमीच्याने हृदय स्थिर होईपर्यंत संभोगच टाळायचा, गोळी दूरची गोष्ट. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीत धमन्यांतला कॅल्शियम मोजणाऱ्या सीटी स्कोअरलाही महत्त्व दिलं आहे.

नायट्रेटबरोबर घेऊ नका म्हणतात. नायट्रेट म्हणजे कुठलं औषध?

इथे कुठलीही सूट नाही. नायट्रेट नायट्रिक ऑक्साइड पुरवतं, म्हणजे सीजीएमपी भराभर तयार होतो. गोळी तो मोडू देत नाही. नळ पूर्ण उघडा आणि मोरीला बोळा, असा प्रकार. रक्तवाहिन्या शरीरभर सैल पडतात, बीपी धाडकन कोसळतं, आणि आधीच अरुंद असलेल्या कोरोनरी धमनीत रक्त ढकलायला दाबच उरत नाही. एरवी थोडक्यात निभावलं असतं ते दुखणं अशा वेळी जिवावर बेतू शकतं.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, सगळ्यांच्या ओळखीची. पण यादी तिथे संपत नाही. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटच्या रोजच्या गोळ्या, नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे, त्वचेवर चिकटवायचे पॅच आणि निकोरँडिल ही सगळी त्यात येतात. गुदद्वाराच्या फिशरवर लावायचं नायट्रोग्लिसरीनचं मलमसुद्धा. 'हार्टचं औषध घेता का?' या प्रश्नाला मलम लावणारा माणूस खुशाल 'नाही' म्हणतो आणि त्याचं काही चुकत नाही. प्रश्नच अपुरा असतो. पार्ट्यांमध्ये हुंगले जाणारे 'पॉपर्स', म्हणजे अमिल नायट्राइटसारखे पदार्थ, तितकेच घातक. फुफ्फुसाच्या बीपीवरचं रिओसिग्वाट हे औषधही या गोळ्यांबरोबर चालत नाही.

गोळी घेतल्यावर नायट्रेट किती वेळ वर्ज्य? सिल्डेनाफिल आणि वार्डेनाफिलनंतर किमान २४ तास, टॅडालाफिलनंतर ४८ तास, अवानाफिलनंतर १२ तास. त्यानंतरही द्यायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि उलट्या बाजूने: रोज नायट्रेट घेणाऱ्याने 'आज नायट्रेट चुकवतो आणि गोळी घेतो' हा हिशेब कधीच मांडू नये.

गोळी घेतल्यावर छातीत दुखायला लागलं तर?

संभोग थांबवा, बसा किंवा टेकून पडा, रुग्णवाहिका बोलवा. घरात वडिलांची किंवा शेजाऱ्यांची सॉर्बिट्रेट असेल तर ती जिभेखाली ठेवू नका, कोणी प्रेमाने आणून दिली तरी. अॅस्पिरिनचा या गोळ्यांशी झगडा नाही. अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल आणि फोनवर डॉक्टरांनी किंवा रुग्णवाहिकेच्या माणसांनी सांगितलं तर ती चावून घेता येते. गरगरत असेल तर आडवं पडून पाय उंच करा.

आणि मग ते वाक्य, जे सगळ्यात जड जातं. आपत्कालीन विभागात पलंगावर पडलेला माणूस, बाजूला बायको, कधी मुलगाही. डॉक्टर विचारतात, काही औषधं चालू आहेत? माणूस म्हणतो, बीपीची. आणि गप्प. नर्सच्या ट्रेमध्ये नायट्रोग्लिसरीन तयार असतं, कारण छातीत दुखणाऱ्याला ते नेहमी दिलं जातं. या क्षणी नाव आणि वेळ, दोनच गोष्टी हव्या असतात: 'टॅडालाफिल घेतली, काल रात्री दहाला.' सर्वांसमोर बोलवत नसेल तर 'डॉक्टर, एकटं बोलायचंय' एवढंच म्हणा, त्यांना समजतं. गोळी कळली की ते नायट्रेट टाळून बाकीचे उपचार करतात. अँजिओप्लास्टी, रक्त पातळ करणारी औषधं, वेदनाशामक हे सगळं करता येतं.

जोडीदाराला गोळीबद्दल माहीत असावं ते याचसाठी. तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसाल तर सांगणार कोण?

मी प्रोस्टेटसाठी रोज ५ मिलिग्रॅम टॅडालाफिल घेतो. मला हे लागू नाही ना?

लागू आहे, उलट जास्तच. टॅडालाफिलचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला सुमारे साडेसतरा तास लागतात. रोज घेणाऱ्याच्या रक्तात ती कायम असते, म्हणजे नायट्रेट कुठल्याच दिवशी सुरक्षित नाही. 'ती लघवीची गोळी आहे' म्हणून लोक हृदयाच्या डॉक्टरांना सांगायचं विसरतात. फुफ्फुसाच्या रक्तदाबासाठी सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल घेणाऱ्या स्त्रियांनाही हीच खबरदारी.

बीपीच्या गोळ्यांबरोबर चालते का?

बहुतेकांबरोबर चालते. जपायचं ते अल्फा ब्लॉकरला, म्हणजे बीपी किंवा प्रोस्टेटसाठी स्नायू सैल करणाऱ्या औषधांना: प्राझोसिन, डॉक्साझोसिन, टेराझोसिन, काही प्रमाणात प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन. दोन्ही मिळून उभं राहताना भोवळ येऊ शकते. आधी अल्फा ब्लॉकरवर स्थिर व्हायचं, मग कमीत कमी मात्रेने सुरुवात. केटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल (बुरशीवरची), क्लॅरिथ्रोमायसिन (जंतूंवरचं), रिटोनाविर (एचआयव्हीवरचं) या औषधांमुळे गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं, तेव्हा मात्रा कमी करावी लागते किंवा गोळी टाळावी लागते. बीपीच्या गोळीनेच ताठरता कमी झाली असं वाटत असेल तर ती परस्पर बंद करू नका, बदलून मागा.

अटॅक येऊन गेला, स्टेंट बसवला. आता आयुष्यभर बंद?

नाही. स्टेंट नीट बसला आहे, छातीत दुखत नाही, नायट्रेट चालू नाही आणि जिने चढता येतात, अशा माणसाला डॉक्टर पुष्कळदा परवानगी देतात. अटॅकनंतरचे पहिले दोन आठवडे संभोगच नाही. सिल्डेनाफिलच्या सुरुवातीच्या चाचण्यांत मागच्या सहा महिन्यांत अटॅक, पक्षाघात किंवा जीवघेणी लय-बिघाडी झालेल्यांना घेतलंच नव्हतं, म्हणून त्या काळात निर्णय जपून होतो.

अजिबात कोणी घेऊ नये?

नायट्रेटवाले. विश्रांतीतही छातीत दुखणारे. ९०/५० च्या खाली किंवा १७०/११० च्या वर बीपी असणारे. थोड्या हालचालीनेही दम लागणारे हृदय निकामी झालेले रुग्ण. गंभीर एओर्टिक स्टेनोसिस किंवा वाट अडवणारी कार्डिओमायोपॅथी असलेले. रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांचा आनुवंशिक आजार असलेल्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं.

चारपैकी हृदयाला सगळ्यात सुरक्षित कोणती?

तसा क्रम नाही. फरक मुख्यतः किती वेळ टिकते याचा. दडलेल्या दोषाची शंका असेल तर लवकर उतरणारी गोळी सोयीची, कारण आणीबाणीत नायट्रेटचा मार्ग लवकर मोकळा होतो. वार्डेनाफिल ईसीजीवरचं क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदयाची विद्युत स्थिती पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) थोडं वाढवते, म्हणून जन्मजात लाँग क्यूटी असलेल्यांनी किंवा लय सुधारणारी काही औषधं घेणाऱ्यांनी ती टाळावी.

चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, नाक चोंदतं. हृदयाचं काही?

नाही, रक्तवाहिन्या सैल झाल्याची ती नेहमीची खूण. थोडं निळसर दिसणंही सिल्डेनाफिलमध्ये होतं. पण छातीत दाब, शुद्ध हरपणं, एका डोळ्याची नजर अचानक जाणं, ऐकू येईनासं होणं किंवा चार तासांहून जास्त टिकलेली ताठरता, यांसाठी लगेच दवाखाना.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, त्रास काही नाही. आत्मविश्वासासाठी अधूनमधून घेतली तर?

तुमच्या धमन्या बहुधा ठीक असतील. पण जन्मजात दोषाने कोसळणारे जास्त करून तुमच्याच वयाचे असतात. खेळताना कधी भोवळ आली असेल किंवा घरात कोणी तरुणपणी गेलं असेल तर आधी इको करून घ्या. आणि 'नैसर्गिक', 'वनस्पतीजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक कॅप्सूल तर घेऊच नका. अशा उत्पादनांत लेबलवर न लिहिलेलं सिल्डेनाफिल किंवा त्याचे चुलतभाऊ एफडीएला वारंवार सापडले आहेत, मात्रेचा पत्ता नसलेले. असा माणूस छातीत दुखत दवाखान्यात आला तर 'गोळी घेतली' असं तो सांगणारच नाही, कारण त्याच्या लेखी त्याने घेतलेलीच नसते.

गोळी चालणार नसेल तर दुसरं काय?

लिंगात टोचायचं किंवा मूत्रमार्गात ठेवायचं अल्प्रोस्टाडिल आहे. ते मुख्यतः त्या जागेपुरतं काम करतं, नायट्रेटशी त्याचा तसा झगडा नाही. पहिली मात्रा दवाखान्यातच घेतात. व्हॅक्यूम पंपाला औषधच लागत नाही, मात्र रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्याने निळे डाग पडतात, तेव्हा विचारून घ्या. मधुमेह आवाक्यात आणणं, सिगारेट सोडणं आणि रोजचं झपझप चालणं यांनी ताठरता सुधारते. त्याला काही महिने लागतात, म्हणून ते सुरू करून पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणत सोडू नका. टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असेल तर त्याचा उपचार वेगळा, आणि तोही सकाळच्या दोन रक्त तपासण्यांत कमी आढळल्यावरच.